बाजारभावाच्या निम्म्याने

म्हातारीचा अंड्यांचा धंदा म्हणजे शुद्ध आतबट्ट्याचा कारभार. कोंबड्या नऊ आणि घरात खाणारं तोंड एक. उरलेली अंडी विकायची, तर फाटकावर पाटी काय, डझनाला बाजारभावाच्या निम्मे! दाण्याचा खर्चसुद्धा सुटत नव्हता. त्यात शनिवारी कुणी मागायला आलं की ही सरळ सांगायची, "संपली." आणि फडताळात टोपली भरलेली असायची. शेजारची शिंपीण म्हणायची, "अहो, भाव तरी वाढवा. फुकट्यांची रांग लागलीय दाराशी." "लागू दे," म्हातारी म्हणायची. ताकास तूर लागू द्यायची नाही.

भाव उतरवला होता तो एकाच गिऱ्हाइकासाठी. मुलगा गेला तेव्हा नात जेमतेम सहा महिन्यांची होती. सून तरणीताठी, म्हणून म्हातारीनेच मागे लागून तिचं दुसरं लग्न लावून दिलं. माणूस चांगला मिळाला, पण त्याच्या आईची अट होती: जुन्या घराशी ये-जा नको आणि पोरीला मागचं काही सांगायचं नाही. म्हातारी हो म्हणून बसली, आणि मग महिनाभर तिला घास उतरेना. शेवटी तिने ती पाटी लावली. गावाच्या दुसऱ्या टोकाहून अंड्यांसाठी कोण एवढं चालत येतं? पण निम्म्या भावात मिळत असतील तर कुठलीही सासू सुनेला पाठवते. तशी सुनेच्या नव्या सासूनेही पाठवली. अंडी कुणाची हे सासूने विचारलं नाही, सुनेने सांगितलं नाही. दर रविवारी सून पोरीचं बोट धरून यायची. पोर म्हणायची, "अंडीवाल्या आजी." तेवढ्यावर म्हातारीचा आठवडा निघायचा.

त्या रविवारी सुनेच्या हातात पिशवी नव्हती. पोर फाटकातूनच बोलत आली, "अंडीवाल्या आजी, बाबांनी आम्हाला कोंबड्या आणल्या. सहा आहेत. त्यातली एक माझी."

सुनेला सातवा महिना लागला होता. ती खाली बघत म्हणाली, "ते म्हणाले, दर आठवड्याला एवढी चालतेस, पाय बघ किती सुजलेत. मला न विचारताच आणल्या, आई." शेवटचा शब्द तिने पोरीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटला.

आता अशा माणसाला शिव्या तरी काय द्यायच्या? दारुडा असता, मारकुटा असता, तर निदान तोंडसुख घेता आलं असतं. बायकोचे पाय दुखतात म्हणून कोंबड्या आणणारा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. म्हातारीचा जीव मात्र तिथेच तुटला.

"उरतील तुमच्याकडेही अंडी," ती म्हणाली.

"हो. पाटी लावायचं म्हणतात. भाव काय लावू?"

"बाजारभाव लाव. त्याच्या खाली उतरू नकोस. स्वस्त विकणाऱ्याचं काहीतरी अडलेलं असतं."

सुनेने डोळ्यांना रुमाल लावला. म्हातारीने विचारलं, "एकदाच सांगू का तिला, मी कोण ते?"

"घरी जाऊन बोलेल ती."

बोललीच असती. गेलेल्या बापासारखीच बोलकी होती. "बरं, नको," म्हातारी म्हणाली. "उचलून तरी घेऊ दे."

इतक्या वर्षांत तेही केलं नव्हतं. अंडी विकणाऱ्या बाईने गिऱ्हाइकाचं पोर कशाला कवटाळायचं? परक्याकडे जायचं नाही असं पोरीला पढवलेलं, ती आईच्या मागे लपली. आईने पुढे ढकलल्यावर आली एकदाची, अंग ताठ करून. म्हातारीने तिला छातीशी धरलं, तिच्या मानेत तोंड खुपसलं, आणि रडायचं नाही असं ठरवलेलं सगळं वाहून गेलं. पोर दोन्ही हातांनी तिला लोटू लागली.

"सोडा ना," ती म्हणाली. "आम्हाला नकोत आता अंडी."

म्हातारीने तिला खाली ठेवलं.