वाचक कोणाचा?

कंपनीची वाटणी झाली तेव्हा कॉफीचं मशीन यंत्रवाल्यांकडे गेलं आणि कप आवाजवाल्यांकडे राहिले. मधे काचेची भिंत आली. सुरुवातीला लोकांना हसू यायचं, आता कुणी हसतही नव्हतं. कोर्टाचा निकालच तसा होता. एवढा पसारा एकाच्या हाती नको; नेटवरचा शोध चालवणारे शोधवाले, उपकरणं बनवणारे यंत्रवाले, त्यांना बोलतं करणारे आवाजवाले, तिघांनी वेगळ्या चुली मांडाव्यात.

ती आवाजवाल्यांत, नवरा यंत्रवाल्यांत. भिंतीपलीकडच्याशी कामाचं बोलायचं नाही असा नियम. म्हणून घरी जेवताना दोघं भाजीत मीठ कमी की जास्त, एवढंच बोलत.

वाटणीत एक वस्तू अडकली होती, ती म्हणजे वाचक. टेबलावर ठेवायचा छोटा डबा. खाली कागद धरला की तो मोठ्याने वाचून दाखवायचा. अधू डोळ्यांच्या माणसांसाठी केलेला. डबा नवऱ्याच्या हातचा, आवाज तिच्या हातचा. वाचकाने कधी कमाई केली नाही. शोधवाल्यांच्या जाहिरातींवर तो पोसला गेला. आता त्यांनी हात वर केले होते. घरी सासूबाईंचं तर औषधाच्या बाटलीपासून दुधाच्या पिशवीपर्यंत सगळं त्याच्यावर चाले. आणि तिचा नेम होता, वाचकाकडून एक पान ऐकल्याशिवाय सकाळचा चहा घ्यायचा नाही. कुठे शब्द अडखळला तर आधी तो सरळ करायचा.

वाटणीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला सगळे वाटणीसाहेब म्हणत. त्यांनी त्या दिवशी दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवलं. तीही होती, नवराही.

"वाचक कोणाचा?"

"आपलाच की," ती बोलून गेली. इतक्या वर्षांची सवय जिभेला.

"आपला म्हणजे? तुमचा की त्यांचा?"

"त्यांचाच," यंत्रवाल्यांचे प्रमुख लगेच म्हणाले. "बाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं."

"छे हो! आपला म्हणजे तुमचासुद्धा," तिचे साहेब म्हणाले. "एकट्या आमच्याच गळ्यात कशाला?"

"व्याकरण घरी करा," वाटणीसाहेब चष्मा पुसत म्हणाले. त्यांनाही कंटाळा आला होता. "'आपला' असं खातं माझ्याकडे नाही. धनी नसेल तर महिनाअखेर बंद."

तिचे साहेब तिच्याकडे झुकले. "हौस असेल तर घ्या. पण सध्याची मोठी टीम सोडावी लागेल, दोन माणसं मिळतील. आणि यंत्रवाले आता डबे बनवणार नाहीत. नुसता आवाज फोनवर चालवा."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो नखाने टेबल कोरत होता. 'आमचा' म्हटलं की त्याचा डबा संपला. गप्प बसलं की दोन्ही संपलं. तिला वाटलं, कुणीतरी दुसऱ्याने बोलावं आणि आपण नुसतं डोळे मिटून बसावं.

"आमचा," ती म्हणाली.

नवऱ्याने मान हलवली. होकार म्हणून की नुसतीच, ते तिला कळलं नाही.

संध्याकाळी त्यानेच आईला सांगितलं.

"अरे, मग हा डबा बिघडला तर?"

"बिघडेपर्यंत चालेल."

"आणि पुढे?"

"पुढे फोनवर वाचेल तो. ही शिकवेल तुला."

"आता या वयात? माझ्याच्यानं नाही बाई व्हायचं नवीन काही."

"माझ्याच्यानंही होत नाहीये, आई," ती म्हणाली. "पण करू."

तिने खुर्ची ओढली, औषधाचं खोकं घेतलं आणि सासूबाईंच्या हातात फोन दिला. फोन खाली झुकला. आवाजाने अर्धंच नाव वाचलं आणि तो थांबला.

"अहो आई, जरा वर धरा. अजून थोडं."

नवरा उठला, पलीकडून आईचं मनगट धरून उभा राहिला. मग आवाज पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.