जुलाबाच्या गोळीची साक्ष

गिरणीच्या अंगणात मुंगीला शिरायला वाव नव्हता. फाटकावर माणसं, भिंतीवर माणसं, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर तर एकमेकांच्या खांद्याला धरून उभी राहिलेली माणसं. मधोमध एका स्टुलावर पांढरं एनॅमलचं घमेलं, घमेल्यात स्वच्छ पाणी, आणि घमेल्यामागे साक्षीबाबा. बाबा म्हणावं तर दाढी नाही, जटा नाहीत. इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट. असा बाबा गावाने आजवर पाहिला नव्हता, म्हणून गावाचा त्याच्यावर जरा जास्तच विश्वास बसला.

“मी काहीही करत नाही,” साक्षीबाबा सांगत होता. “मी नुसतं घमेलं धरतो. बोलतं ते पाणी. पाणी कुणाचं मिंधं नाही. गिरणीवाला पाण्यात मेला, तेव्हा जवळ कोण होतं? पाणी. मग विचारायचं कुणाला? पोलिसांना? पोलीस होते का त्या वेळी ओढ्यात?”

लोक हसले. पोलीस ओढ्यात नव्हते हे सगळ्यांना एकदम पटलं.

गिरणीवाला मागच्या आठवड्यात ओढ्यावरच्या लाकडी पुलाखाली मेलेला सापडला होता. पोलीस आले, पुलाची मोडलेली फळी पाहिली, पाय घसरून पडला असं लिहून घेतलं आणि निघून गेले. गावाच्या हे काही पचनी पडेना. चांगला धडधाकट माणूस, रोजची पायाखालची वाट, आणि म्हणे पाय घसरला. अपघात म्हणजे बोलायला काही उरतच नाही. शेवटी गिरणीवाल्याच्या धाकट्या भावाने पुढाकार घेतला. गिरणी आता त्याच्याच हातात आली होती. त्याने साक्षीबाबाला बोलावणं धाडलं.

फाटकापाशी उभ्या राहून खूनवाल्या काकू हे सगळं पाहत होत्या. नाव गावाने प्रेमाने ठेवलेलं. काकू सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या कामावर होत्या, आणि घरी आल्यावर रहस्यकथा लिहीत. शहरातल्या नव्हे, खेड्यातल्या. त्यांच्या कादंबऱ्यांत विहिरीत, मक्याच्या शेतात, गवताच्या गंजीत प्रेतं सापडत, आणि गावाच्या वाचनालयात त्या पुस्तकांचे पुठ्ठे टिकत नसत, इतकी ती हातोहात फिरत.

त्यामुळे समोर चाललेलं काय आहे ते ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. पहिल्या प्रकरणात प्रेत. दुसऱ्यात पोलीस, ते नेहमी मठ्ठ. तिसऱ्यात बाहेरगावचा हुशार माणूस येतो आणि म्हणतो, खुनी इथेच आहे, तुमच्यातच. मग सगळ्यांना एका जागी गोळा करायचं. ज्याच्यावर पहिल्यापासून संशय असतो तो सुटतो, आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं तो सापडतो. या साच्यावर काकूंनी अर्धं आयुष्य काढलं होतं. कागदावर तो कुणाला चावत नाही. इथे त्यात गावातली खरी माणसं घातली जात होती.

“रांगेने या. घाबरायचं काम नाही. ज्याचे हात स्वच्छ त्याचं पाणी स्वच्छ,” साक्षीबाबाने पुकारलं.

पहिले गावसमितीचे अध्यक्ष आले. त्यांनी हात बुडवले, पाणी होतं तसंच राहिलं.

“अध्यक्षसाहेब स्वच्छ,” साक्षीबाबा म्हणाला. “कारभाराचं मी विचारलेलं नाही हां.”

पुन्हा हशा. मग बेकरीवाला आला, सुतार आला, शिंपी आला. मग गिरणीवाल्याचा धाकटा भाऊ पुढे झाला, तेव्हा अंगण श्वास रोखून पुढे झुकलं, कारण मनातल्या मनात सगळ्यांनी त्यालाच धरलं होतं. पाणी स्वच्छ. लोक थोडे हिरमुसले, पण लगेच सावरले. “तो नसणारच,” सुतार शिंप्याच्या कानात म्हणाला. “तो फारच उघड आहे.”

त्याच्यामागून रंगारी आला. हा काकूंचा भाचा. बहीण गेल्यावर काकूंनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. बेकरीवाल्याच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. तो आठवडाभर याच गिरणीच्या भिंतींना चुना देत होता, आणि आताही शिडीवरून उतरून तसाच आला होता. मावशीकडे बघून तो हसला आणि त्याने घमेल्यात हात घातले.

बोटांच्या पेरांमधून रंग सुटला. मग नखांतून, मग तळव्याच्या रेघांतून. बघता बघता अख्खं घमेलं रंगलं. रंगाऱ्याने हात बाहेर काढून पाहिले आणि पुन्हा बुडवले. दुसऱ्यांदा तरी पाणी ऐकेल असं त्याला वाटलं असावं.

खरं म्हणजे रंग गुलाबी होता. पण खुन्याचे हात गुलाबी झाले असं सांगणार कसं? दुपारपर्यंत गावाने तो रंग लाल करून टाकला.

“वाटलंही नव्हतं हो,” शिंपी म्हणाला. “किती गरीब स्वभावाचा पोरगा.”

“तेच तर. ज्यांच्याबद्दल वाटत नाही तेच निघतात. काकूंच्या पुस्तकांत नाही का?”

चारपाच जणांनी त्याला बडवला. अध्यक्षांनी मध्ये पडून सोडवला आणि पोलीस येईपर्यंत गिरणीच्या कोठीत कोंडला. साक्षीबाबाचा दुसऱ्या दिवशी शाल घालून सत्कार करायचं ठरलं.

काकू तडक दवाखान्यात गेल्या. घमेल्यात काय होतं ते त्यांना तिथेच, फाटकापाशी उभ्या असताना कळलं होतं. कळायलाच हवं, त्यांनी स्वतःच ते एका कादंबरीत लिहिलं होतं. कपाटातून त्यांनी गोळ्यांची बाटली काढली. डॉक्टर हात धूत होते.

“गिरणीवाला गेला त्या दिवशी दवाखान्यात आला होता ना?” काकूंनी विचारलं.

“आला होता. डोळा आतून तपासायचा होता, म्हणून थेंब घातले. त्याने बाहुली मोठी होते, कित्येक तास सगळं धूसर दिसतं. म्हटलं, सोबत कुणाला तरी घेऊन जा. हो हो म्हणाला आणि एकटाच गेला. पोलिसांना मी सांगितलंय हे.”

“मग गावाला का नाही सांगितलं?”

“गावाने विचारलं कुठे?” डॉक्टर म्हणाले. पण सकाळी तुमच्याबरोबर येतो, असंही म्हणाले.

सकाळी शाल, नारळ, माणसं, सगळं जमलं होतं. काकूंनी आपलं घमेलं स्टुलावर ठेवलं. गोळ्या कुटून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या होत्या. त्या सगळ्यांच्या देखत पाण्यात ओतल्या. पाणी स्वच्छच राहिलं.

“या गोळ्या तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडून नेलेल्या आहेत,” काकू म्हणाल्या. “पोट साफ होत नाही म्हणून. जुलाबाची गोळी. हिच्यात जे औषध आहे त्याला चुना लागला की ते गुलाबी होतं. धुण्याचा सोडा लागला तरी होतं. खून लागलेला त्याला कळत नाही, त्याला चुना कळतो. रंगाऱ्याच्या हाताला चुना नसेल तर कुणाच्या असेल?”

सत्कारासाठी पुढे उभ्या असलेल्या धाकट्या भावाला त्यांनी हाक मारली. रंगाऱ्याची चुन्याची बादली तिथेच भिंतीशी पडली होती. “हिच्यात बोटं बुडव, आणि मग इथे धू.”

त्याने तसं केलं. पाणी गुलाबी झालं. अंगणातून एक मोठा सुस्कारा उठला. काकूंना वाटलं, झालं, पटलं.

“म्हणजे हासुद्धा?” मागून कुणीतरी म्हणालं.

“दोघांनी मिळून,” सुतार म्हणाला. “मला वाटलंच होतं, हे एकट्याचं काम नाही.”

धाकट्या भावाचा चेहरा पांढराफटक पडला. काकूंनी घाईघाईने आपली बोटं बादलीत घातली आणि मग घमेल्यात. “अहो, हे बघा. माझेही झाले. डॉक्टरांचेही होतील. तुमच्यातल्या कुणाचेही होतील.”

“काकू तर त्याची मावशीच,” एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी थेंबांचं सांगितलं, मोडक्या फळीचं सांगितलं. लोकांनी मान देऊन ऐकून घेतलं. डॉक्टर होते ते.

“काकू, पण तुमच्याच पुस्तकात आहे ना हे,” शिंपी समजुतीच्या सुरात म्हणाला. “हात लाल होतात, आणि तोच चोर.”

“अरे, पुस्तकात तो निर्दोष निघतो. शेवटच्या प्रकरणात सगळं उलगडून सांगितलंय.”

“ते असेल. पण लक्षात राहतं ते हात लाल झालेलं.”

साक्षीबाबा इतका वेळ शांत उभा होता. आता त्याने काकूंना नमस्कार केला. “बाई विद्वान आहेत. जुलाबाच्या गोळीनं होतंय, मी कुठे नाही म्हणतो? आगपेटीनंही दिवा लागतो आणि विजेनंही लागतो. बाईंची आगपेटी, माझी वीज.” लोकांनी माना डोलावल्या. आपल्या घमेल्यातलं पाणी मात्र त्याने केव्हाच ओतून टाकलं होतं.

“बरं, ते राहू द्या,” अध्यक्ष म्हणाले. “बाबांचं खोटं धरू. तुम्ही एवढ्या खुनांची पुस्तकं लिहिली. मग तुम्ही सांगा, खुनी कोण?”

सगळे काकूंकडे बघत होते, आणि काकूंना दिसत होतं की या घडीला त्या जे नाव घेतील ते चालेल. नाव तयारच होतं. गिरणी कुणाला मिळाली? बाबाला कुणी बोलावलं? हात कुणाचे अजून गुलाबी आहेत? तीन वाक्यं बोलायची की भाचा सुटला असता, लग्न झालं असतं, गावही खूश झालं असतं. धाकट्या भावालाही ते कळलं होतं. तो हात पाठीमागे लपवून उभा होता.

“कुणीच नाही,” काकू म्हणाल्या. “डोळ्यांत थेंब होते, फळी कुजलेली होती, माणूस पडला. खुनी कुणीच नाही. पुढच्या वेळी पाणी बोललं, तर पाण्यात काय घातलंय ते आधी विचारा.”

लोक पांगले. मेजवानीला जाऊन उपाशी परतावं तसे त्यांचे चेहरे झाले होते. धाकटा भाऊही मान खाली घालून आत निघून गेला. काकूंशी दोन शब्द बोलावेत असं त्याला वाटलं नाही.

पोलीस आले आणि त्यांनी रंगाऱ्याला सोडून दिलं. त्यांच्या लेखी तो अपघातच होता. पण त्याला कुणी भिंत देईना. शाळेची रंगवायची होती, ती दुसऱ्या गावच्या माणसाला दिली. मग एके दिवशी बेकरीवाला काकूंकडे आला आणि खुर्चीच्या काठावर बसला.

“काकू, मला सगळं पटलंय,” तो म्हणाला. “गोळी, चुना, थेंब, सगळं. घरी करूनही पाहिलं मी.”

“मग?”

“मुलीला नांदायचंय ते लोकांत. उद्या मुलं झाली की त्यांना शाळेत म्हणतील, तुझ्या बापाचे हात लाल झाले होते. मी कुणाकुणाला गोळी दाखवत फिरू?” त्याने डोळे पुसले. माणूस वाईट नव्हता.

रंगाऱ्याने सामान बांधलं. सामान म्हणजे तरी काय, कपडे आणि ब्रश. बादली त्याने नेली नाही. शहरात कारखान्यात हमाली मिळते असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. काकू दाराशी उभ्या होत्या.

“मावशी, एक विचारू?” पिशवीला गाठ मारत तो म्हणाला. “त्या दिवशी तू त्याचं नाव घ्यायला हवं होतंस. त्यांनी ऐकलं असतं.”

“त्याने काही केलं नव्हतं रे.”

“मी तरी काय केलं होतं?”

काकूंना रडू फुटलं. आपण वागलो ते बरोबर होतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या बरोबर असण्याचा या पोराला कवडीचा उपयोग नव्हता, हेही ठाऊक होतं. त्याने वाकून नमस्कार केला आणि तो गेला.

काकूंनी त्यानंतर एकही रहस्यकथा लिहिली नाही. साक्षीबाबाला आता लांबलांबून बोलावणी येतात. दवाखान्यात औषधाच्या खिडकीपाशी काकू रोज एक पेला पाणी ठेवतात, शेजारी चुन्याची डबी आणि कुटलेल्या गोळीची बाटली. येणाऱ्या प्रत्येकाला त्या स्वतःच्या हाताने करून बघायला लावतात आणि सांगतात की चमत्कार दिसला तर हात जोडू नका, घमेलं तपासा. आणि तपासता येत नसेल तर निदान कुणाला मारायला धावू नका. लोक करून बघतात. रंग आला की खूश होतात, लहान मुलं तर पुन्हा पुन्हा करतात. मग औषधाची पुडी खिशात टाकून, खिडकीशी जरा वाकून, घरातलं माणूस समजून आपुलकीने विचारतात, “काकू, आता इतके दिवस झाले, आम्हाला तरी सांगा. खरा खुनी कोण होता?”