नवऱ्याच्या वाट्याची पट्टी

मी गोळ्यांची पट्टी बोलतेय. ज्या माणसासाठी मला विकत घेतलं, त्यानं मला अजून बोटही लावलेलं नाही.

कारखान्यात पावडर दाबून आम्हाला घडवलं, चंदेरी कागदात मिटलं आणि एका औषधाच्या दुकानात आणून ठेवलं. दुकानदार मोठा बोलका. डोकेदुखीची गोळी मागा, सोबत एक किस्सा फुकट. फळीवर बसून मीही माणसं ओळखायला शिकले. खोकल्याचं औषध लोक मोठ्यानं मागतात. अंगावरून जाण्याचं औषध मागणारी बाई आधी मागं वळून बघते.

ती तशीच यायची. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनवर कामाला. काम दिवसभर बसून, आणि खाजेनं बसवत तर नाही. आपल्या मनानं मलमं लावली, जंतुनाशकानं धुऊन धुऊन कातडी सोलवटून घेतली. शेवटी डॉक्टरबाईंकडे गेली.

बाईंनी तपासलं, स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि तिलाच बघायला लावलं. "वळवळतायत ना? हे मलमाला दाद देत नाहीत. गोळ्यांनी जातील. पण नवऱ्यालाही घ्यायला लाव. पुरुषाला बहुधा त्रास होत नाही, जंतू मात्र असतात. दोघांचं औषध होऊन बरं वाटेपर्यंत जवळ यायचं नाही."

म्हणून तिची पट्टी वेगळी आणि मी त्याची. माझ्या चारही गोळ्या एकदम घ्यायच्या होत्या.

"मला काय धाड भरलीय?" नवरा म्हणाला. "उद्या तुझा पाय मोडला तर प्लास्टर मी घालू?"

सासूबाई हसल्या. "बायकांना असतंच गं हे. आम्ही काय दवाखाने पालथे घातले?"

त्या आत गेल्यावर त्यानं आवाज उतरवला. "आणि हे आलं कुठून, ते सांग आधी."

"ते कळत नाही म्हणाल्या बाई. कुणाकडून, कधीचं, काहीच."

"म्हणजे माझ्यावर ढकलतेस."

तिनं माझ्यातली एक गोळी कुटून त्याच्या चहात घातली. आम्ही जातीच्या कडू. पहिल्याच घोटाला त्यानं कप ठेवला आणि तेव्हापासून चहा स्वतःच करून घेतो.

तिची पट्टी संपली, तिला बरं वाटलं, भाजी चिरताना गुणगुणायला लागली. मग एका दुपारी त्यानं दार लावून घेतलं. नाही म्हणायची सोय त्या घरात नव्हती. थोड्याच दिवसांत खाज परत आली.

मला पिशवीत घालून ती दुकानात गेली. "भाऊजी, माझ्यापुरतीच द्या. त्यांची पडून आहे."

"वहिनी, दोघांनी घेतल्याशिवाय हे जात नाही हो."

"मग तुम्ही सांगा ना. तुमचे मित्र आहेत, रोज गप्पा मारता."

एवढा बोलघेवडा माणूस, पण काउंटर पुसायला लागला. "अहो, हा विषय मी कसा काढू?"

आता मी तिच्या सुयादोऱ्यांच्या डब्यात आहे. मला घेणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, एवढं कुणीतरी त्याला समजावून सांगा. पण हे मी सांगतेय कुणाला? काल ती पुन्हा दुकानात जाऊन आली. पुन्हा एकच पट्टी, तिची.