वरचा तू, खालचे तुम्ही

ऑस्ट्रियातल्या आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. झाडं संपून नुसतं गवत आणि दगड सुरू झाले, की 'तुम्ही' बंद. समोर मंत्री असो की गुराखी, वाटेवर भेटला की त्याला 'तू' म्हणायचं. खाली उतरलं की जो तो पुन्हा आपापल्या मानानं. पण वर बसून दोघांनी कोपरात कोपर अडकवून पेला रिकामा केला, तर मात्र तो 'तू' जन्माचा. तो खाली येऊन मोडणं म्हणजे माणसाच्या तोंडावर थुंकणं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. कासियानला तर कळत होतंच. तो इन्सब्रुकचा, सरकारी कचेरीतला मोठा अधिकारी असला तरी टिरोलचाच माणूस.

त्या ऑगस्टमध्ये तो मुलीला, आफ्राला, घेऊन आमच्याकडे सुट्टीला आला. सकाळी गाडीनं एखादा घाट चढायचा, गाडी लावून दिवसभर डोंगर तुडवायचे, संध्याकाळी परत. सुट्टी हे निमित्त. आफ्राचं लग्न आमच्या विगिलशी ठरत होतं, आणि विगिलचा बाप रोमेड हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढतो, उन्हाळ्यात कचऱ्याची गाडी चालवतो. मुक्काम त्याच्याच घरी, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वरच्या खोल्यांत. कासियान त्याच्याशी इतकं जपून, इतकं अदबीनं 'तुम्ही तुम्ही' करत बोलायचा, की रोमेडची बायको बुर्गल एकदा म्हणालीच, "हा माणूस जेवायला आलाय की चौकशीला?"

आफ्राला हे ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बापाला गाडीपाशी गाठलं.

"बाबा, आज तू आणि रोमेड दोघंच जा. त्यांना 'तू' म्हण. मनापासून म्हण, मला दाखवायला नको. आणि तुला त्यांची लाज वाटत असेल, तर आत्ताच सांग. लाज वाटणाऱ्या घरातून मी या घरात येणार नाही."

"काहीतरीच तुझं," कासियान म्हणाला आणि गाडी सुरू केली. रोमेड पुढे त्याच्या शेजारी बसला.

खरं ते सांगायला हवं. वर तो छान वागला. चढ छातीवरचा होता, धाप लागली, तेव्हा रोमेडनं न विचारता त्याची सॅक आपल्या खांद्यावर घेतली. वरच्या झोपडीत चीजचे गोळे घातलेलं सूप आलं, मग पाइनच्या बोंडांची लालसर दारू. वयानं मोठा कासियान, त्यामुळे पहिला मान त्याचा. त्यानंच हात पुढे केला.

"मी कासियान. तू म्हण."

"रोमेड. पण बघ हं, हे परत घेता येत नाही."

"घ्यायचंय कुणाला?"

कोपरात कोपर अडकले, पेले रिकामे झाले. उतरताना कासियानची जीभ सैल झाली. बायको गेल्यापासून एकटा जेवायला बसलो की रेडिओ मोठ्यानं लावतो, असंही तो सांगून गेला. हे त्यानं आफ्रालाही सांगितलं नव्हतं. रोमेड म्हणाला, "मग रविवारी इकडे येत जा. आमच्याकडे रेडिओची गरजच नाही, बुर्गल आहे." दोघं खो खो हसत झाडीतून खाली आले.

खाली, गाड्या लावायच्या जागी, कासियानचे वरिष्ठ सपत्नीक उभे होते. हॉफराट साहेब. आमच्या देशात ही पदवी नावाला एकदा चिकटली की थडग्याच्या दगडापर्यंत जाते. पुढच्या वर्षी ती कासियानला मिळायची होती, आणि त्याच्यासाठी शब्द टाकणार होते हेच साहेब.

"अरे वा, तुम्ही इथे!" साहेब म्हणाले. बाईंनी मात्र रोमेडकडे पाहून डोळे बारीक केले. "अहो, हा तर आपल्या इथल्या सुट्टीच्या बंगल्यावरचा कचरा नेतो. तुमच्याबरोबर आहे की काय?"

"छे छे, वाटेत भेटले हे," कासियान म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण तो रोमेडकडे वळला. "बरं का, आभारी आहे. सॅक आणून दिलीत तुम्ही."

रोमेडनं सॅक उतरवली आणि गाडीच्या चाकाशी नीट टेकवून ठेवली.

"आभार कसले, साहेब. वाटेवर माणसं भेटतातच."

आणि तो डांबरी रस्त्यानं चालत निघाला. साहेब पावसापाण्याचं बोलत राहिले. कासियान हसत होता आणि त्या पाठीकडे बघत होता. जीभ झडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

दोन वळणं खाली त्यानं रोमेडला गाठलं, काच खाली केली. "रोमेड, बस ना रे."

रोमेडनं मागचं दार उघडलं. "बुटांना चिखल आहे. तुमची पुढची सीट खराब होईल."

"अरे, ते माझे साहेब होते. तुला कसं सांगू..."

"समोर बघा. पोस्टाची बस येतेय."

वळणापलीकडून भोंगा वाजला. घाटात बसला वाट द्यावीच लागते. कासियान घाबरून गाडी मागे घेऊ लागला, आणि मागच्या सीटवरून शांत आवाज येत राहिला, "डावीकडे घ्या. अजून थोडं. थांबा." प्रत्येक 'घ्या'सरशी कासियानच्या कानाच्या पाळ्या तापत होत्या.

रोमेडच्या घराच्या दारातच सगळे उभे होते. आतून आलुबुखारे भरून उकडलेल्या गोळ्यांचा गोड वास येत होता. आफ्रा बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी बुर्गलनंच विचारलं, "काय, जमलं का दोघांचं?"

कासियानच्या मनात आलं, आता हा सांगणार, आणि पोरीचं लग्न मोडणार, माझ्यामुळे.

"जमलं म्हणजे!" रोमेड म्हणाला आणि त्यानं कासियानच्या खांद्यावर हात टाकला. "यानंच हात पुढे केला. पेला पण माझ्याआधी यानंच संपवला. काय रे कासियान? रविवारी जेवायला येणार आहे हा आपल्याकडे."

आफ्रानं बापाच्या गळ्यात हात टाकले. "बाबा, मी उगीचच तुझ्यावर शंका घेतली," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. कासियान खांबासारखा उभा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळे आत गेले. दाराशी बूट काढायला ते दोघंच उरले. खांद्यावरचा हात केव्हाच निघाला होता.

"रोमेड," कासियान हळूच म्हणाला. "तू माझी लाज राखलीस. तू..."

रोमेडनं फळीवरून पाहुण्यांच्या लोकरी सपाता काढल्या आणि वाकून त्याच्या पायांपुढे ठेवल्या.

"घाला, साहेब," तो म्हणाला. "फरशी गार आहे. तुम्हाला सवय नसेल."