देवकाबाईंची सायकल

पंचफुला अंगणात घासलेली भांडी उपडी घालत होती, तेवढ्यात देवकाबाई सायकल ढकलत फाटकातून आत आल्या. सायकल वच्छीची होती. पंचफुलाच्या हातातलं ताट हातातच राहिलं.

"मले सायकल शिकव," देवकाबाई म्हणाल्या.

काही विचारपूस नाही, कुणी बसा म्हणण्याची वाट पाहणं नाही. काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला. जणू शेतात निंदणालाच निघाल्या होत्या. पंचफुलाची आई कमलाबाई चुलीपुढून उठून दारात आली. दोघी आया घडीभर एकमेकींकडे बघत राहिल्या. मग कमलाबाई म्हणाली, "जाय वं. भांड्याचं मी पाहीन."

वच्छी देवकाबाईंची लेक. पावसाळ्यात, ऐन श्रावणात, तिनं आपला जीव दिला. सिंदी मेघेतले लोक त्यावर बरेच दिवस बोलले आणि मग कापूस वेचणीच्या कामाला लागले. पंचफुला मात्र तिथंच थांबली. दोघी एकाच वर्गात, एकाच सायकलीवर वर्ध्याच्या कॉलेजात जायच्या. आता ती सोमवारी म्हणायची, गुरुवारपासून जाते. गुरुवारी म्हणायची, सोमवारपासून. असं करता करता ब्याऐंशीची दिवाळी गेली, तुरीला शेंगा धरल्या. देवकाबाईंचं घर टाळायला तर ती मागच्या गल्लीनं वळसा घालून जायची. त्या माउलीपुढे उभं राहून बोलायचं तरी काय?

आणि आज ती माउलीच सायकल घेऊन दारात उभी.

शाळेमागच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. पंचफुलानं कॅरिअर धरलं, देवकाबाई सीटवर चढल्या आणि सायकल अशी नागमोडी निघाली की पंचफुलाच्या खांद्यातून कळ आली.

"समोर पाहा न मावशी! चाकाकडं काय पाहून राह्यल्या?"

"फिरते का नाई ते पाहून राह्यली. सोडू नको हं!"

"तुम्ही पायडल मारा, मी धरलं हाये."

"मारून तं राह्यली! तूच मांगं ओढून राह्यली मले!"

डोमाजीची म्हैस मैदानाच्या एका कोपऱ्यात रवंथ करत बसली होती. एवढं मोठं मैदान सोडून सायकल नेमकी तिच्याकडे निघाली. देवकाबाईंनी घंटी वाजवली. म्हशीनं कान हलवला.

"ए बाई, सरक न!" देवकाबाई ओरडल्या. म्हैस सरकली नाही. सायकल तिच्या पाठीला टेकली, म्हैस फुत्कारून उठली आणि देवकाबाई अलगद शेणात जाऊन बसल्या. डोमाजी धोतर सावरत पळत आला.

"लागलं का?" त्यानं विचारलं.

"नाई लागलं," देवकाबाई म्हणाल्या.

"तुमाले नाई इचारलं, म्हशीले इचारलं!"

पंचफुलाला हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोट धरून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग अचानक तिनं तोंडावर हात ठेवला.

डोमाजी म्हशीला घेऊन गेला. देवकाबाई अजून शेणातच बसलेल्या होत्या.

"काऊन थांबली? हास न."

"बरं नाई दिसत, मावशी."

"कोणाले नाई दिसत? मी आन् तूच तं हाये इथं."

पंचफुला पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. देवकाबाईंनी हाताचं शेण गवताला पुसलं.

"लोकं मले अजून इचारतात, पोरीनं असं काऊन केलं म्हणून. तू तं घरीच आली नाई."

"मले वाटलं, तुम्ही मलेच इचारसान." पंचफुलाचा आवाज बारीक झाला. "मी रोज तिच्यासंग होती. मले मालूम असंल, असं वाटंल तुमाले. मले काईच नाई समजलं, मावशी."

देवकाबाईंनी आडव्या पडलेल्या सायकलीचं चाक हातानं फिरवलं. मग म्हणाल्या, "मी तं एका खाटेवर झोपत होती तिच्यासंग. मलेबी नाई समजलं."

ऊन मैदानावर पसरत गेलं. शेवटी देवकाबाई उठल्या आणि सायकल उभी करून पंचफुलापुढे धरली.

"आता तू बसून दाखव बरं. तुले तरी येते का नाई, कोण जाणे. मास्तरीणच कच्ची असंल तं मी काय शिकणार?"

पंचफुला चढली. पहिल्या वळणावर सायकल जराशी कलली, मग वारा तोंडावर आला. तिनं मैदानाला एक फेरी मारली आणि कोणी न सांगता दुसरीही.

तेव्हापासून रोज सकाळी शिकवणी. देवकाबाईंची प्रगती मात्र शून्य. आज बाभळीवर, उद्या गोलपोस्टवर. शिकवणी संपली की त्या लुगडं झटकत म्हणायच्या, "मायं अंग दुखून राह्यलं. मी पायी जातो. तू सायकल घेऊन तशीच कॉलेजात जाय, सांजेले आणून देजो." एकदा म्हणाल्या, दुसऱ्यांदा म्हणाल्या, तिसऱ्यांदा पंचफुला वह्या घेऊनच मैदानावर आली.

एका रविवारी ती दळण घेऊन गिरणीच्या रांगेत उभी होती. नालवाडीच्या अंगाला रस्त्यावर शेळ्यांचा कळप आडवा पसरला होता आणि त्यातून एक सायकल सुरेख वाट काढत येत होती. मागं कडब्याची पेंढी बांधलेली. एक हात हँडलवर, दुसऱ्या हातानं पदर सावरत देवकाबाई ताठ बसल्या होत्या. गिरणीकडे न बघताच त्या पुढं निघून गेल्या.

"मावशीले सायकल येते?" पंचफुलानं रांगेतल्या सुमित्राबाईंना विचारलं.

"कवाचीच. वच्छीनंच शिकवली न उन्हाळ्यात. कशी बोंबलत फिरे मायच्या मांगं! तू तवा गिरडले मामाकडं गेलती." सुमित्राबाईंनी डबा दुसऱ्या हातात घेतला. "आता सकाळी सकाळी तुमचं काय चालते, आमाले समजलं नाई. म्हटलं, जाऊ दे."

पंचफुलाची पाळी आली, तरी ती जागची हलली नाही. मागच्या बाईनं कोपर लावलं तेव्हा कुठं तिनं डबा पुढं केला.

दुसऱ्या दिवशी देवकाबाई नेहमीप्रमाणे मैदानावर हँडल घट्ट धरून, भेदरलेला चेहरा करून उभ्या होत्या.

"पकडजो बाई नीट. आज लय भेव वाटून राह्यलं."

पंचफुलानं कॅरिअर पकडलं नाही. ती त्यावर वह्या मांडीवर घेऊन बसली.

देवकाबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पंचफुला समोर बघत होती. मग देवकाबाईंनी पायडल मारलं. सायकल थोडी डगमगली, मैदानातून रस्त्याला लागली आणि वर्ध्याच्या दिशेनं सरळ धावू लागली. वळणावर समोरून कापसानं भरलेली बैलबंडी आली. देवकाबाईंनी घंटी वाजवली आणि बंडी व खड्डा यांच्यामधल्या हातभर वाटेतून सायकल अल्लाद बाहेर काढली.

मग एकाएकी आठवण झाल्यासारखं त्यांनी हँडल जरासं हलवलं.

"पडतो बरं आपण आता," त्या म्हणाल्या.

"पडू द्या," पंचफुला म्हणाली.