बुवांनी दोनदा घेतलेली आमटी

सप्ताहात रोज एक घर कीर्तनकारांना जेवू घालतं. रहाटणीच्या आमच्या मंदिरात हा मान बरीच वर्षं गावातल्या जुन्या घरांमध्येच फिरत होता. यंदा कमिटीचे मालोजी स्वतः कुसुमताईंच्या दारात आले आणि रविवारचं बुवांचं जेवण तुमच्याकडे, एवढं सांगून चहाही न घेता पुढं गेले. कुसुमताई आणि त्यांचे यजमान हिंदुराव मूळचे खटावकडचे. हिंदुरावांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात झाली, इथंच घर बांधलं, तरी गावकीच्या बोलण्यात ते अजून 'बाहेरून आलेले'च होते. मालोजींची पाठ वळल्यावर कुसुमताईंनी देवापुढं एक वात जास्तीची लावली.

आणि येणार होते ते ज्योतीराम बुवा. खेडकडचा माणूस, शेतकरी गडी, कळत्या वयापासून गळ्यात तुळशीची माळ. माळकऱ्यानं मांस-मासळीला शिवायचं नाही, हे व्रत तर सगळेच पाळतात, पण बुवा परक्या गावात पाणीसुद्धा विचारून पितात असं लोक सांगत. त्यांचं कीर्तन ज्यानं ऐकलं त्याला वेगळं सांगायला नको. गजर सुरू झाला की मागच्या रांगेतली म्हातारी माणसंही गुडघे विसरून उभी राहतात.

रविवारी पहाटेपासून कुसुमताई ओट्याशी उभ्या होत्या. गव्हाची खीर, दोडक्याची भाजी, कुर्डया, आमटी, भात. सून वर्षाली मदतीला असणार होती, पण तिच्या कंपनीत ऐन रविवारी काम निघालं. ती हिंजवडीच्या पुढं माणला कामाला जाते. कीर्तनाच्या आत परत येते म्हणून सांगून ती सकाळीच स्कूटरवर गेली. मुलगा निरंजन चाकणला ओव्हरटाइमला गेलेला. घरात कुसुमताई आणि हिंदुराव दोघंच. त्यांतले हिंदुराव म्हणजे धुतलेला सदरा घालून दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याला आज बुवा आपल्याकडे आहेत हे कळावं म्हणून.

निरोप होता की बुवांसोबत दोघं असतील. दुपारी गाडी थांबली आणि आतून बुवा, मृदंगवाले, दोन गाणारे, तीन टाळकरी आणि ड्रायव्हर असे एकेक उतरत राहिले. वर हिंदुरावांनी गल्लीच्या तोंडाशी भेटलेल्या आणखी दोघांना हाताला धरून आत आणलं. कुसुमताईंनी भाताचं दुसरं आधण ठेवलं, चपात्या वाढवल्या, पण आमटी चार-पाच जणांपुरतीच होती. पाणी घालून वाढवली तर ती आमटी राहिली नसती.

म्हणून त्यांनी फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात झाकलेलं एक मोठं पातेलं होतं. आदल्या संध्याकाळी त्या कीर्तनाला गेलेल्या असताना वर्षालीनं काहीतरी केलेलं. आत हिरवीगार, दाटसर आमटी, त्यात भोपळा, बटाटा, ओले मटार. वास घेतला तर नारळाचं दूध, गवती चहा आणि लिंबाच्या पानांचा. चाखून बघायचा प्रश्नच नव्हता. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेवर काही ठेवायचं नाही, हा त्यांच्या सासूबाईंपासूनचा नेम. आणि त्यांच्या फ्रिजमधलं काहीही देवाला चालण्यासारखंच असणार, यात त्यांना शंका नव्हती. त्यांनी पातेलं गरम केलं, नैवेद्याच्या ताटात एक वाटी ठेवली आणि पंगतीत वाढायला घेतली.

बुवांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मग मृदंगवाल्याकडे वळून म्हणाले की यात कोळिंजन हाय, गड्या. गाणारी माणसं गळ्यासाठी कोळिंजनाचा तुकडा तोंडात धरतात, तेच. आमटीत पडलेलं मात्र त्यांनी कधी खाल्लं नव्हतं. त्यांनी वाटी पुन्हा पुढं केली. बुवांनी दुसऱ्यांदा घेतली म्हटल्यावर बाकीच्यांनीही घेतली आणि पातेलं बघता बघता रिकामं झालं. कुसुमताई शेवटी बसल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला खीर आणि भात उरला होता, आणि त्यांना त्याचीच धन्यता वाटत होती. मंडळी विश्रांतीला मंदिरामागच्या खोलीत गेली.

निरंजन चाकणहून आला तो भुकेला. आईनं उत्साहानं सगळी हकिगत सांगितली, बुवांनी दोनदा घेतलेल्या हिरव्या आमटीसह. निरंजनचा हात ताटातच राहिला. त्यानं रिकामं पातेलं आणून हुंगलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई, ही थाई करी आहे. हिच्यात सुकट वाटून घालतात."

कुसुमताईंना वाटलं तो चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. गेल्या वर्षी कंपनीनं त्याला ट्रेनिंगला थायलंडला पाठवलं होतं. आईसारखीच त्याच्याही गळ्यात लहानपणापासून माळ. तिथं ही करी रोज संध्याकाळी गल्लीत शिजायची आणि तो नुसता वास घेऊन पुढं जायचा. एकदा भाज्यांचीच द्या म्हणून मागितली, तर दुकानवाल्या बाईनं हसून सांगितलं की भाज्याच आहेत, पण वाटणात सुकट असतेच, आणि वरून माशाचं पाणी. महिनाभर त्यानं भात आणि केळी खाऊन काढला. शहरात आता त्या वाटणाची तयार पाकिटं मिळतात, वर्षालीनं ऑफिसच्या डब्यासाठी आणलं असेल एखादं, असं तो म्हणाला.

त्यानं वर्षालीला फोन लावला. तो वाजत राहिला. तिच्या कामावर फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवावे लागतात, हे दोघांनाही माहीत होतं, तरी त्यानं पुन्हा पुन्हा लावला. कचऱ्याचा डबा पाहिला, तर सकाळीच घंटागाडी येऊन गेलेली.

कुसुमताई खाली बसल्या. वर्षालीचं माहेर गुहागरकडचं. तिकडं मासळीवाचून जेवण होत नाही. सून बाहेर काय खाते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि तिनं कधी लपवलं नव्हतं. घरात मात्र काही आलं नव्हतं. आलं नव्हतं, असं निदान त्या आजवर धरून चालल्या होत्या. आता मनात नको ते येत होतं, आणि ते आल्याचीच त्यांना लाज वाटत होती.

हिंदुराव एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलले. त्यांचं म्हणणं साधं होतं. झालं ते कुणी मुद्दाम केलं नाही. बुवांना काही कळलेलं नाही, कळणारही नाही. मांडव भरत आलाय. गप्प बसावं. आयुष्यात एकदा मान मिळाला आणि तोही असा घालवायचा का, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्या तोंडावर ते स्पष्ट होतं.

"त्यांच्या नकळत झालं, खरं आहे," कुसुमताई म्हणाल्या. "पण आता मला कळलंय. आता मी गप्प बसले तर ते माझ्या नकळत होणार नाही."

त्यांनी पदर खोचला आणि मंदिराकडे निघाल्या. निरंजन मागं आला.

बुवा चटईवर बसून चहा घेत होते. कुसुमताईंनी पाया पडून सगळं सांगितलं, कुठंही न थांबता, कारण थांबल्या असत्या तर पुढं बोलता आलं नसतं. हिरवी आमटी, सुनेनं केलेली, मी न विचारता वाढली, त्यात सुकट असावी असं मुलगा म्हणतो. मृदंगवाल्यानं हातातली बशी खाली ठेवली. बुवांचा हात आपोआप गळ्याशी गेला आणि माळेवरच राहिला.

मग त्यांनी विचारलं, "माऊली, तुमी खाल्ली का ती?"

"नाही महाराज. उरलीच नाही."

"मंजी तुमची माळ शाबूत हाय."

"माझी शाबूत राहिली, हेच मला सहन होईना."

बुवांनी मान हलवली. सूनबाईला विचारलं का, म्हणाले. तिचा फोन लागत नाही म्हटल्यावर त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. आमटीत काय होतं हे जिनं केली तीच सांगू शकते, दुसऱ्यानं अंदाजानं बोलू नये. सुकट असली तर माळ उतरवून देवापुढं ठेवायची, उद्या आळंदीला जाऊन स्नान करून पुन्हा घालायची, आज उभं राहायचं नाही. आणि नसली, तर मग बघू. "पण ती येईस्तवर मी कीर्तनाला उभा ऱ्हात न्हाई," ते शेवटी म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर कुसुमताईंना बरं वाटलं असतं.

मालोजींना हे कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून मंडपाच्या खांबाला टेकले. बाहेर माणूस मावत नव्हतं. शेजारच्या काळेवाडी-सौदागरहूनही लोक आले होते. मालोजींनी टाळकऱ्यांना नुसताच नामाचा गजर धरायला सांगितला. वेळ झाली, वेळ टळली, गजर चालूच. लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणी म्हणालं बुवांचा घसा बसलाय, कुणी म्हणालं गाडी अडकलीय. कुसुमताई मंदिराच्या पायरीवर, मागाहून आलेल्या हिंदुरावांशेजारी उभ्या राहून रस्त्याकडे डोळे लावून होत्या. त्या पांडुरंगाकडे मागत काय होत्या, तर आमटी चांगली निघू दे, असलं काहीतरी. याआधी त्यांनी देवाकडे आमटीचं कधी काही मागितलं नव्हतं.

वाकडच्या पुलावरची गर्दी ओलांडून वर्षालीची स्कूटर आली तेव्हा दिवे लागले होते. लॉकरमधून फोन काढल्यावर नवऱ्याचे एवढे फोन पाहून ती घाबरून थेट मंदिरात आली होती. सासू उभी, सासरे उभे, हे पाहून तिच्या जिवात जीव आला. मग निरंजननं तिला ओढतच आतल्या खोलीत नेलं. हेल्मेट हातात, केस विस्कटलेले, समोर बुवा आणि दहा माणसं. कुसुमताईंनी विचारलं, पण प्रश्न नीट जुळेना. शेवटी निरंजननंच विचारलं की करीच्या वाटणात सुकट होती का.

वर्षालीनं त्यालाच उलट विचारलं.

"ती करी संपली? सगळी?"

"वर्षाली, सुकट होती का?"

"अरे, कुणासाठी केली होती मी ती? तूच ना महिनाभर वास घेऊन परत आलास. येता-जाता मला तेच ऐकवतोस. तुला खाता यावी म्हणून तर घरी वाटण केलं. त्यात सुकट घातली असती तर तू काय परत वासच घेत बसणार होतास?"

मृदंगवाल्याला हसू आवरेना. बुवांनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि सूनबाईला म्हणाले की बाळ, काय काय घातलं ते सावकाश सांग. तिनं सांगितलं. हिरव्या मिरच्या, देठांसकट कोथिंबीर, लसूण, कांदा, धणे-जिरे, गवती चहा, लिंबाची पानं. तिकडचं आलं वेगळं असतं, ते काही मिळेना, तेव्हा चिंचवडच्या काष्ठौषधीवाल्याकडे गेली. तो म्हणाला हे तर आपलं कोळिंजन, ते आणून भिजवून वाटलं. खारटपणाला मीठ आणि सोयाबीनचा सॉस. नारळाचं दूध डब्यातलं, कारण खवायला वेळ नव्हता, एवढीच काय ती चोरी. पाकीट आणलंच नव्हतं. दुकानात हातात घेतलं होतं, त्यावर कोळंबी लिहिलेली पाहिली आणि परत ठेवलं.

मग ती कुसुमताईंकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, बाहेर मी खाते, ते तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्या ओट्यावर?"

कुसुमताईंनी तिच्या हातातलं हेल्मेट काढून स्वतःकडे घेतलं आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

बुवांनी माळेवरचा हात काढला. डोळे मिटून क्षणभर बसले, मग एकदम खदखदून हसले, आणि ते हसू खोलीभर झालं. दोनदा न्हाई, मला तिसऱ्यांदा घ्यायची होती, पण लाजलो, असं म्हणत ते उठले. दारात कुसुमताईंपाशी थांबून वाकले आणि त्यांच्याच पायांना हात लावला. त्या मागं सरल्या, पण तोवर ते झालं होतं. "आज जेवायला घातलंत त्यापेक्षा हे सांगायला आलात, ते मोठं," एवढंच बोलून ते मंडपाकडे गेले. हिंदुराव बाजूला उभे होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली.

कीर्तन उशिरा उभं राहिलं, पण जे राहिलं ते विचारू नका. बुवांचा आवाज असा लागला होता की मालोजी माईकवाल्याला सारखे खुणा करून कमी कर म्हणत होते. निरूपणात बुवा आमटीविषयी चकार शब्द बोलले नाहीत. भिऊन राहणारं मन आणि मोकळं झालेलं मन, यांतल्या फरकावर मात्र ते बराच वेळ रमले.

बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत कुसुमताई बसल्या होत्या, मांडीवर हेल्मेट. शेजारी वर्षाली. ती फक्त सासूला जागेवर बसवायला आली होती. तिच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं आणि कीर्तन ऐकायची तिला सवय नव्हती. उठावं म्हणून ती हलली, तर कुसुमताईंचं डोकं तिच्या खांद्यावर आलेलं. त्या गाढ झोपल्या होत्या. ज्या कीर्तनाची वर्षभर वाट पाहिली त्यातच, तोंड किंचित उघडं, कपाळावरचा बुक्का पुसट झालेला. बाजूच्या प्रभावतीकाकू त्यांना हलवायला निघाल्या, तेव्हा वर्षालीनं मान हलवून नको म्हटलं.

पुरुषांच्या बाजूनं निरंजन चल, घरी, जेवायला, अशा खुणा करत होता. तिनं खांद्याकडे बोट दाखवलं आणि जॅकेटची चेन न काढता, जराही न हलता, ती समोर बघत ऐकत बसली.