बिनतेलाचा ट्रे

कारखान्यात त्याला सगळे टाकीमिस्त्री म्हणत, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. बिजागऱ्यांच्या खात्यात प्रेसच्या शेजारी तेलाची जी लांबट टाकी होती, ती त्याने पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः जोडून उभी केली होती. तेव्हा प्रेसमधून निघालेल्या लोखंडी पात्या गोदामात वीस-वीस दिवस पडून राहायच्या आणि गंजायच्या. मिस्त्रीने त्या तेलात बुडवायला लावल्या, गंज थांबला, आणि जुन्या मालकांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. एकदा थोपटलेली पाठ माणूस सहसा वाकवत नाही.

तेल लागलेल्या पातीवर पॉलिश धरत नाही. म्हणून पॉलिशच्या आधी एका लांब टेबलाशी सहा बायका लाकडाच्या भुशाने पात्या घासून कोरड्या करत. त्यांतली एक मिस्त्रीची सून. आठ वर्षांपूर्वी त्यानेच तिला कामाला लावलं होतं.

यंदा मालकांनी स्पष्ट सांगून टाकलं, की बाहेर तयार बिजागरी स्वस्त मिळते. तीन महिन्यांत खर्च खाली आला नाही तर हे खातं बंद. नव्या इंजिनियर बाईंनी सगळ्यांना फळ्यासमोर गोळा केलं.

"मला येऊन चार महिने झालेत," त्या म्हणाल्या. "कुठे काय फुकट जातंय ते तुम्हालाच जास्त ठाऊक. ते सांगा. आणि सुचवलं म्हणून कोणाचीही नोकरी जाणार नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी कागदावर लिहून, खाली मालकांची सही घेऊन फळ्यावर चिकटवलं. बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो.

पहिल्या आठवड्यात दोन चिठ्ठ्या आल्या. एकीत पंखा मागितला होता. दुसरीत मिस्त्रीचा आवाज कमी करायचं काही यंत्र मिळेल का, अशी विचारणा होती. अक्षर प्रेसवाल्याचं, हे मिस्त्रीसकट सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या आठवड्यात सून उभी राहिली. जमिनीकडे बघतच बोलली.

"पात्या आता गोदामात जातच नाहीत. आज प्रेसमधून निघतात, उद्या पॉलिशला जातात. मग तिकडे तेल लावायचं आणि इकडे आम्ही सहाजणींनी दिवसभर ते पुसायचं, हे कशासाठी?"

मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एक तर त्याची टाकी, त्यात बोलणारं घरचंच माणूस.

"तेल न लावता ठेवून बघा," तो म्हणाला. "तीन दिवसांत माल लाल होईल."

"बघूच की," इंजिनियर बाई म्हणाल्या. प्रेसमधून निघालेल्या दोनशे पात्या तशाच एका ट्रेमध्ये भरून रॅकवर ठेवल्या. तीन दिवसांत गंजल्या नाहीत, तर तेल आणि पुसणं दोन्ही बंद. गंजल्या, तर खर्च कमी करण्यासारखं दुसरं मोठं काही उरलं नव्हतं, म्हणजे खातं बंद. बाईंनी ते लपवलं नाही.

घरी मिस्त्री सुनेशी एक अक्षर बोलला नाही. बायकोने वाढता वाढता विचारलं, "ती बोलली ते खरं की खोटं, एवढंच सांगा."

"तीन दिवसांनी कळेल."

सून मीठ बोटांच्या टोकांनी वाढत होती. तेलाने आणि भुशाने तिच्या तळव्यांना कायमच्या भेगा पडल्या होत्या आणि मीठ लागलं की त्या चुरचुरायच्या. मिस्त्रीने नजर ताटात वळवली.

ते तीन दिवस तो सगळ्यांच्या आधी कामावर यायचा. आल्या आल्या रॅकपाशी जायचा, एकेक पाती उचलून उजेडात धरायचा, उलटीपालटी करायचा आणि परत ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीतही एक फेरी व्हायची. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही काही नाही. पात्यांनी जणू त्याला खिजवायचं ठरवलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सगळे जमले तेव्हा मात्र ट्रेवर तांबूस डाग दिसत होते.

"शेवटी अनुभव तो अनुभव," प्रेसवाला म्हणाला.

सुनेचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं, मामंजी," ती म्हणाली.

इंजिनियर बाईंनी वही मिटली. "तेल राहू दे मग. मालकांना काय सांगायचं ते मी बघते."

मिस्त्रीने एक पाती हातात घेतली. एका बाजूला एक डाग, दुसऱ्या बाजूला दोन. त्याने दुसरी घेतली. तिच्यावरही तसेच. त्याचा अंगठा आणि दोन बोटं त्या डागांवर बरोबर बसली. पॉलिशच्या मालाला उघडा हात लावू नका, घामाने लोखंड गंजतं, असं नव्या माणसांना ओरडून सांगण्यात त्याची हयात गेली होती.

कोणाला काही कळलं नव्हतं. नुसतं मूग गिळून बसलं की झालं. त्याच्या निवृत्तीला आठ महिने होते. टाकीची अब्रू शाबूत राहिली असती. खातं तेवढं बंद पडलं असतं, सगळे घरी गेले असते. त्याला स्वतःची लाज वाटली.

"खालच्या काढा," तो म्हणाला.

"काय?" बाईंनी विचारलं.

"वरच्या पात्या मी हाताळल्यात. रोज. गंजल्या का ते बघायला. हा हवेचा गंज नाही, माझ्या घामाचा आहे. तळाच्या काढा."

ट्रे टेबलावर पालथा केला. खालच्या दीडशेक पात्या प्रेसमधून निघाल्या तशाच करड्या, स्वच्छ होत्या. आधी प्रेसवाला हसला, मग सगळेच. मिस्त्री खाली मान घालून उभा राहिला आणि त्याने ते हसणं पुरतं ऐकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात टाकी रिकामी झाली. तिची तोटी मिस्त्रीनेच सोडली. बिजागरीत खिळी बसवायचं काम आजवर बाहेर जात होतं, ते आत आलं आणि त्या सहाजणींना मिळालं. खर्च उतरला, खातं राहिलं.

टाकी रिकामी झाली त्या दिवशी रात्री जेवताना सून हळूच म्हणाली, "तुम्ही ट्रेला हात लावता ते मी दुसऱ्याच दिवशी पाहिलं होतं, मामंजी. डाग कशाचे तेही लगेच ओळखलं."

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं कसं पाडणार?"

"आणि मी गप्प बसलो असतो तर?"

"तर मीही गप्प बसले असते."

"खातं बंद पडलं असतं."

"पडलं असतं," ती म्हणाली.

खात्यातल्या सगळ्यांच्या घरची चूल आपल्या रागामुळे विझायची राहिली होती, आणि या पोरीने आपला मान राखायला तीही विझू दिली असती. त्याला त्या मानाची किळस आली.

"पुन्हा असं करायचं नाही," तो म्हणाला. "माझं चुकलं तर चारचौघांत सांगायचं."

"सांगेन," ती म्हणाली.